सर्वांत वरच्या थरावर कोण?

मैत्रिणींनो, दहीहंडीवर बोलायचं म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो : मी सणाच्या विरुद्ध नाही. मुलींची गोविंदा पथकं उभी राहिली याचा मला आनंदच आहे. माझा प्रश्न फक्त वरच्या थराचा आहे.

वर लहान मूलच का? वजन कमी म्हणून. थर वाढले की बक्षीस वाढतं, आणि थर वाढवायचे तर वरचं मूल आणखी हलकं, म्हणजे आणखी लहान लागतं. हा हिशेब मोठ्यांचा आहे.

2014 मध्ये एका सामाजिक कार्यकर्तीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं. 2017 मध्ये वयाची अट चौदावर आली, उंचीची मर्यादा गेली. 2022 मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला, विमाही दिला. विमा काय, पडल्यानंतरचा! 2025 च्या ऑगस्टमध्ये दहिसरला अकरा वर्षांचा मुलगा वरून पडून गेला. तो सणाचा दिवस नव्हता, सराव चालू होता.

गुरुपौर्णिमेपासून रात्री गल्लीत थर लागतात. तिथे ना कॅमेरे, ना रुग्णवाहिका. हेल्मेट आणि दोर पुष्कळदा सणासाठी राखून ठेवलेले. स्पेनमधल्या कॅटलोनियातही माणसांचे मनोरे रचतात. 2006 मध्ये एक मुलगी दगावली, त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. मनोरे काही थांबले नाहीत.

आईने नाही का म्हणू नये? वस्तीतल्या एकीने मला उलट विचारलं, "ताई, मी नाही म्हटलं तर उद्या नळाच्या भांडणात मंडळाची पोरं माझ्या बाजूने उभी राहतील का?" म्हणून एकटीवर हे टाकू नका. गुरुपौर्णिमेच्या आधीच महिला मंडळाने पथकाच्या प्रमुखाला गाठावं, वयाचे दाखले मागावेत. सरावालाही हेल्मेट, दोर आणि खाली गाद्या हव्यात, हे सगळ्यांदेखत ठरवून घ्यावं.

तरीही मूल पडलंच, तर त्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मान हलू न देता 108 ला फोन करा. डोक्याला मार लागलेलं मूल 'बरं वाटतंय' म्हणालं तरी डॉक्टरांना दाखवा. नंतर उलटी झाली, गुंगी आली, तर सकाळची वाट बघू नका.