वास्तव्यातील खंड आणि कायम निवासाचा अर्ज

(इंटरनॅशनल सिटी, दुबई येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉक्टरला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो मधुमेह, रक्तदाब आणि मीठ कमी खाण्याविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही वेगळा विषय निवडला आहे. पण तो आमच्या तपासणीच्या खोलीतूनच आलेला आहे. रक्तदाब मोजून झाला, औषध लिहून झाले, की रुग्ण आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टरसाहेब, मध्ये चार महिने व्हिसा नव्हता. आता कॅनडाचा अर्ज भरायचा आहे. अडचण येईल काय?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्याचा अभ्यास करणे आम्हांला भाग पडले. आम्ही वकील नाही. प्रत्येकाचे प्रकरण जाणत्या व अधिकृत सल्लागारालाच दाखवावे. परंतु रोगाची प्राथमिक माहिती रुग्णालाही असावी, या भावनेने आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आपण ज्या वसाहतीत बसलो आहोत तिच्या विभागांना इंग्लंड, फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस, रशिया, चीन, मोरोक्को, पर्शिया अशी देशांची नावे आहेत. पत्त्यात इंग्लंड असते आणि तिथला भाडेकरू मात्र दोन वर्षांच्या व्हिसावर राहत असतो. संयुक्त अरब अमिरातीने आपल्याला रोजगार दिला, सुरक्षितता दिली, मुलांना शाळा दिल्या, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु येथे वर्षे साठत नाहीत. वीस किंवा तीस वर्षे अखंड राहिले म्हणून कायम निवासाचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. २०१९ साली सुरू झालेला गोल्डन व्हिसा आता दहा वर्षांचा मिळतो आणि त्याचे नूतनीकरणही होते. तथापि तो मोजक्या पात्रतांवर आधारलेला आहे आणि तोही मुदतीचाच आहे. म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबांची नजर येथून पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनकडे असते. त्या देशांच्या दाराशी गेल्यावर येथील वर्षांचा हिशेब मागितला जातो.

या हिशेबात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात, तेव्हा प्रथम त्यांचे निदान करू. पहिला खंड अनुपस्थितीचा: माणूस देशाबाहेर राहिला. दुसरा नोकरीतला: काम सुटले, परंतु व्हिसा चालू होता. तिसरा कायदेशीर वास्तव्यातला: व्हिसा संपला किंवा रद्द झाला, सवलतीचे दिवसही संपले, आणि माणूस देशातच राहिला. तिन्हींची लक्षणे वरून सारखी दिसतात, पण उपचार भिन्न आहेत. नोकरी जाणे हा कोठेही गुन्हा नाही. तिसऱ्या खंडाला मात्र कायदा उल्लंघन समजतो.

अनुपस्थितीचा खंड पाहू. सर्वसाधारण निवासी व्हिसाधारक सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला तर येथील निवास रद्द ठरू शकतो. कारण दाखवून परतण्याची परवानगी मागण्याची सोय आहे आणि गोल्डन व्हिसाधारकांना ही अट नाही. आईच्या आजारपणासाठी गावी गेलेला माणूस सात महिन्यांनी परततो तेव्हा रुग्णालयाचे कागद त्याच्या हाती असले पाहिजेत. डॉक्टर म्हणून आमची विनंती आहे की, डिस्चार्ज कार्ड कधीही फेकू नका.

आता तिसरा, सर्वांत जोखमीचा खंड. तो बहुधा गुन्हेगारी वृत्तीतून जन्मत नाही; क्षुल्लक गोष्टीतून जन्मतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरते आणि व्हिसाचे नूतनीकरण अडते. मालक पासपोर्ट स्वतःकडे ठेवतो. वास्तविक हे येथील कायद्याला मान्य नाही. कंपनी बंद पडते आणि पगार थकतो. कामावर सलग सात दिवस न कळवता गेला नाही, म्हणून पळून गेल्याची तक्रार नोंदली जाते आणि त्या माणसाला ती महिनोन्महिने ठाऊकही नसते. कोणी 'आझाद व्हिसा' म्हणून पैसे मोजून येतो. व्हिसा एकाच्या नावे, काम दुसऱ्याकडे. पुढे अर्जात अनुभवाचे पत्र एका कंपनीचे आणि व्हिसा भलत्याच कंपनीचा, असे निघाले की प्रश्न उभा राहतोच.

व्हिसा रद्द झाल्यावर सवलतीचे काही दिवस मिळतात, ज्याला आपण ग्रेस पीरियड म्हणतो. २०२२ च्या सुधारणांनंतर हे दिवस व्हिसाच्या प्रकारानुसार कमी-अधिक आहेत; कोणाला ३०, कोणाला ६०, कोणाला ९०, तर गोल्डन व ग्रीन व्हिसाधारकांना १८० पर्यंत. शेजाऱ्याला नव्वद मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, या समजुतीत राहू नये. आमेर केंद्रात जाऊन आपली तारीख विचारून घ्यावी. त्यानंतर दंड दिवसाला ५० दिरहॅम. चार महिने, म्हणजे १२० दिवस, धरले तर सहा हजार दिरहॅम होतात. ज्याचा पगारच बंद आहे त्याला ही रक्कम डोंगराएवढी वाटते. तो दंड भरण्याचे टाळतो आणि टाळण्यानेच दंड वाढत जातो. २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमा पात्र कामगाराला मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत देतो. नोकरी गेल्यावर त्याचा दावा ३० दिवसांत करावा लागतो. अनेक जण हप्ता भरतात आणि दावा करायला विसरतात.

सरकारनेही वेळोवेळी दार उघडले आहे. २०१८ साली १ ऑगस्टपासून माफीची मुदत सुरू झाली आणि वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. २०२४ साली १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर अशी योजना जाहीर झाली. तीही ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. दोन्ही वेळी आपल्या या वसाहतीपासून जवळच, अल अवीर येथे तंबू उभारले गेले होते. दंड माफ झाला. ज्यांना परत जायचे होते त्यांना प्रवेशबंदीचा शिक्का न लागता जाता आले. इतरांना वास्तव्य नियमित करून घेता आले. मात्र एक भेद ध्यानी धरावा. माफीने दंड जातो. तो काळ मागाहून कायदेशीर ठरत नाही. पुढील देशाच्या अर्जात त्याविषयी विचारणा झाली तर उत्तर सत्यच द्यावे आणि माफीचा कागद सोबत जोडावा. ज्याने तो कागद जपला त्याची बाजू भक्कम होते.

पुढील देश काय विचारतात? कॅनडाच्या कायम निवासाच्या अर्जात मागील दहा वर्षांचा, किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचा, वैयक्तिक इतिहास एकही खंड न ठेवता लिहावा लागतो. काम नसेल तर 'बेरोजगार' असे लिहावे, पण महिना रिकामा सोडू नये. ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले तेथील पोलिसांचा दाखलाही लागतो. अमिरातीत मुदतबाह्य राहिले एवढ्यावरून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. परंतु महत्त्वाची माहिती दडवली किंवा खोटी दिली, असे ठरले तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. चार महिन्यांच्या खंडापायी पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेण्याचा सल्ला देणारे दलाल आपल्याभोवती आहेत. "लिहू नका, कुणाला कळणार आहे?" हे त्यांचे आवडते वाक्य. त्यांच्यापासून दूर राहावे.

ब्रिटनमध्ये कायम निवासासाठी तेथील वास्तव्य अखंड असावे लागते आणि सामान्यतः कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक बाहेर राहता येत नाही. व्हिसा संपल्यापासून १४ दिवसांच्या आत, हाताबाहेरचे सबळ कारण दाखवून अर्ज केला, तर तेवढा उशीर दुर्लक्षिला जाऊ शकतो. मे २०२५ मधील श्वेतपत्रिकेत सर्वसाधारण पात्रताकाळ पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला. म्हणून तिकडे असलेल्या मुलामुलींनी अर्जाच्या दिवशीचा नियम पाहूनच पाऊल उचलावे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यान्वये, तेथे १८० दिवसांहून अधिक पण वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, आणि वर्ष किंवा अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे प्रवेशाची आडकाठी येते. ऑस्ट्रेलियात मुदतीनंतर २८ दिवसांहून अधिक राहून देश सोडला तर अनेक प्रकारच्या तात्पुरत्या व्हिसांना तीन वर्षे मुकावे लागू शकते. देश निरनिराळे असले तरी दिवस मोजण्याची रीत सर्वत्र आहे.

बापाचा खंड मुलाच्या वाट्यालाही येतो. येथे जन्मलेल्या बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो. बापाचाच व्हिसा गेलेला असेल तर तो कसा निघणार? ३ डिसेंबर २००४ नंतर भारताबाहेर जन्मलेल्या अपत्याची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात करावी, असे आपला नागरिकत्वाचा कायदा सांगतो; उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आईबाप व्हिसाच्या भीतीने कचेरीत जात नाहीत आणि दोन वर्षांचे मूल कोणत्याच दप्तरात नसते. त्या निष्पाप जिवाच्या इतिहासाचे पहिले पानच कोरे राहते.

शरीरावर होणारा परिणाम तर आम्ही रोज पाहतो. दुबईत आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि तो निवासाशी बांधलेला आहे. व्हिसा गेला की विमा जातो; विमा गेला की मधुमेहाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. पायाची जखम चिघळेपर्यंत माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पुढील देशाच्या वैद्यकीय तपासणीत तो उभा राहतो तेव्हा कागदासोबत प्रकृतीही बिघडलेली असते.

बंधूभगिनींनो, कागदाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरे धुंडाळली आहेत. आजोबा शाळेत गेले, त्यांचे नाव शाईने लिहिले गेले, म्हणून नातू महाविद्यालयात बसला. आणि खंड कसा सांभाळावा याचा धडा तर बाबासाहेबांच्या विद्यार्थिजीवनातच आहे. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसा जमवला, आणि १९२० साली, मुदत संपण्याआधी, ते लंडनला परतले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. तीन वर्षांचा तो खंड त्यांच्या शिक्षणाचा शेवट ठरला नाही, कारण निघण्यापूर्वीच त्याची परवानगी घेतलेली होती.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने घरी एक फाइल ठेवावी. तिच्यात सर्व जुने पासपोर्ट असावेत. २०२२ पासून निवासाचा शिक्का पासपोर्टवर चिकटवला जात नाही, म्हणून एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आणि ये-जा केल्याचा सरकारी अहवाल वेळोवेळी काढून ठेवावा. नोकरीचे करार, व्हिसा रद्द केल्याचा कागद, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे, दंड भरल्याची पावती, घराचा करार, मुलांचे जन्मदाखले हे सारे तारखेच्या क्रमाने लावावे. नोकरी सोडताना अनुभवाचे पत्र त्याच आठवड्यात मागून घ्यावे. कंपनी बंद पडल्यावर सही कोण करणार? अडचण आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राकडे जावे. तेथील मार्गदर्शनाला पैसे पडत नाहीत. आणि अर्ज भरताना झालेला खंड दोन-चार साध्या वाक्यांत, तारखांसह आणि पुराव्यासह लिहावा.

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हिसा गेलेला माणूस आपल्यातून हळूहळू नाहीसा होतो. तो रविवारच्या वंदनेला येत नाही, त्याची पत्नी फोन उचलत नाही, मुले खेळायला खाली उतरत नाहीत. लाजेने तो घरात कोंडून घेतो आणि सवलतीचे अमूल्य दिवस त्या चार भिंतींत संपतात. दोन रविवार एखादे कुटुंब दिसले नाही तर कोणीतरी त्यांच्या दारावर जावे. चौकशीचा आव न आणता, चहा घ्यावा आणि विचारावे, "कागद सगळे ठीक आहेत ना?" पहिल्या आठवड्यात विचारलेला हा प्रश्न पुढच्या कित्येक वर्षांचे नुकसान वाचवू शकतो. आपल्या संघाने यासाठी चार जाणते कार्यकर्ते नेमावेत, अशी सूचना मांडून आम्ही आमचे भाषण पूर्ण करतो.

जय भीम! नमो बुद्धाय!