बंद यंत्राचे भाडे

शेतातील मोटार रात्री चालू राहिली, तर निर्णा येथील शेतकऱ्यास तिचा आवाज तरी ऐकू येतो. दूरस्थ संगणकाचे तसे नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘अ‍ॅझूर’ केंद्र २०१५ साली पुण्यात सुरू झाले. तेथील आभासी संगणक बीदर जिल्ह्यातील या गावी बसूनही भाड्याने घेता येतो. मात्र तो चालू राहिल्याचे कळते ते देयक हाती पडल्यावरच.

आठवड्याचे तास १६८. पाच दिवस रोज बारा तास काम धरले, तर ६० तास उपयोगाचे. उरलेल्या १०८ तासांचे भाडे व्यर्थ. म्हणून ठरल्या वेळी संगणक थांबविणारी स्क्रिप्ट, म्हणजेच आज्ञांची मालिका, लिहून ठेवतात.

परंतु बिऱ्हाडाला कुलूप लावल्याने भाडे थांबत नाही. जागा मालकाच्या स्वाधीन करावी लागते. संगणकाच्या आतून दिलेली बंद होण्याची आज्ञा हे असे कुलूपच होय. भाडे थांबते ते अ‍ॅझूरला ‘डीअ‍ॅलोकेट’ ही आज्ञा दिल्यावर. साठवणीच्या डिस्कचे शुल्क त्यानंतरही पडतेच.

घड्याळाचेही भान हवे. वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेनुसार असेल, तर सायंकाळी सातसाठी १३.३० लिहावे, १९.०० लिहिल्यास संगणक रात्री साडेबारापर्यंत चालेल.

महिनाअखेरचे हिशेब रात्री चालणार असतील, तर तो संगणक आधीच वगळावा. कोणाचे काम अपुरे आहे, हे स्क्रिप्ट पाहत नाही. ते माणसानेच पाहावयाचे असते.