वाढलेल्या साखरेचा धोका : वेळीच ओळखा, जीव वाचवा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी चळवळीवर बोलावं, असा आपला रिवाज. मीही दरवर्षी तेच करत आलो. यंदा मात्र मी कमिटीकडून विषय मागून घेतला. मला मधुमेहावर बोलायचं आहे. काय खावं, काय खाऊ नये, हे आपण एकमेकांना रोजच सांगतो; ते आज नको. साखर इतकी वाढते की काही तासांत किंवा काही दिवसांत माणूस हातचा जातो. ती वेळ घरच्या माणसांनी ओळखायची कशी, एवढंच मला सांगायचं आहे.

मी डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली आणि सूतगिरणीत रिंग खात्यात लागलो. जे सांगणार आहे ते दवाखान्याच्या बाकावर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, पुस्तकं वाचून शिकलो. आणि शिकलो ते एक माणूस गमावल्यावर. त्याची हकीकत आधी सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून जास्तच सांगितली पाहिजे.

आमच्या पाळीत माझा एक सोबती होता. माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणायचा. त्याला मधुमेह होता, दोन वेळा इन्सुलिनची सुई चालू होती. एकदा ट्रॉली पायावरून गेली, अंगठ्याला जखम झाली. चिघळली, ताप आला. जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या. त्यानं विचार केला, पोटात अन्नच नाही तर सुई कशाला घ्यायची? साखर उतरून चक्कर यायची. म्हणून सुई बंद केली. घरच्यांनाही ते पटलं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी रातपाळी सुटल्यावर मी त्याला बघायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, जीभ जड. तोंडाला एक विचित्र वास येत होता, फळ फार पिकून नासायला लागल्यावर येतो तसा. पूर्वी तो दारू प्यायचा, पुढे सोडली होती. मला वाटलं, यानं पुन्हा सुरू केली. त्याच्या बायकोसमोर मी त्याला झापलं. ती बिचारी म्हणाली, "नाही हो भावजी, थेंबही घेतला नाही." मी ऐकलं नाही. वर अशक्तपणा दिसतोय म्हणून ग्लुकोजचं पाणी करून पाजायला सांगितलं आणि घरी येऊन झोपलो.

संध्याकाळी निरोप आला. तो मोठ्यानं, खोल खोल श्वास घेत होता, आणि हाक मारली तरी ओ देत नव्हता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखर पाचशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी रात्रभर प्रयत्न केले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काल सकाळी आणला असता तर फार फरक पडला असता." काल सकाळी त्याच्यासमोर मीच बसलो होतो.

त्याला जे झालं त्याला डॉक्टर डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. मी ते गिरणीच्या भाषेत समजून घेतलं. गोदामात कापसाच्या गाठी छताला लागल्यात, पण गोदामाची किल्ली हरवली. मग साचे रिकामेच फिरणार. रक्तातली साखर म्हणजे त्या गाठी, आणि किल्ली म्हणजे इन्सुलिन. किल्ली नाही म्हणून रक्तात साखर साचते आणि अंगातल्या पेशी मात्र उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. ते जास्त झाले की रक्त आम्ल होतं. तोंडाला वास येतो तो त्याचाच. कुणी तो नासलेल्या फळासारखा सांगतं, कुणी नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. रक्तातलं आम्ल बाहेर टाकायला शरीर खोल श्वास घेतं. आडोल्फ कुसमाऊल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली या श्वासाचं वर्णन लिहून ठेवलं; आजही डॉक्टर त्याला त्यांच्याच नावानं ओळखतात. आणि जादा साखर लघवीवाटे जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, न भागणारी तहान, कोरडं तोंड.

आता मुद्द्याची गोष्ट. जेवलं नाही म्हणजे साखर वाढणार नाही, हा आपला समज चुकीचा आहे. ताप आला, जखम पिकली, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला, हृदयविकाराचा झटका आला, की शरीर घाबरून यकृतातून साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. माणूस उपाशी असला तरी साखर चढते. म्हणजे आजारपणात इन्सुलिनची गरज बहुधा वाढते, आणि आपण नेमकी तेव्हाच सुई बंद करतो. आजारपणात सुई आपल्या मनानं बंद करायची नाही. किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारायचं. उपोसथाला अष्टशील धरणाऱ्या उपासकांनी, उपासिकांनीही हे ध्यानात ठेवावं. उपाशीपोटी नेहमीची पूर्ण सुई घेतली तर साखर एकदम उतरू शकते, आणि सगळीच बंद केली तर चढू शकते. इन्सुलिन चालू असेल तर शील धरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्यानं श्रद्धा कमी होत नाही.

दुसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांत जास्त दिसतो, आणि तो फसवा आहे. यात साखर हळूहळू, काही दिवसांत किंवा आठवड्यांत चढते. सहाशेच्या वरही जाते. उलट्या, वास, धाप, यातलं फारसं काही नसतं. माणूस सुकत जातो, सुस्त होतो, नुसता झोपून राहतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. आपण म्हणतो, वय झालं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींचं तसंच झालं. तीन दिवस झोपून होत्या. मुलगा म्हणाला, आता काय, पिकलं पान. पण त्यांची नात नववीत शिकणारी. आमच्या युवक मंडळाच्या शिबिरात ती साखर तपासायचं यंत्र वापरायला शिकली होती. तिनं मंडळाचं यंत्र आणून आजीचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा येईना. इंग्रजी एच आणि आय ही दोन अक्षरं आली. घरच्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. पोरीला माहीत होतं की ही अक्षरं म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे, पाचशे-सहाशेच्याही वर गेली. १०८ ला फोन केला. आज त्या आजी इथे पहिल्या रांगेत बसल्यात. (टाळ्या)

तिसरी गोष्ट लहान मुलांची. मधुमेह पोरांनाही होतो. पुष्कळदा घरी पत्ता नसतो आणि पहिली खूणच ही आणीबाणी असते. पोर सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, मोठं झालेलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, खाऊनही वाळत जातं. मग पोटात दुखतं, उलट्या होतात. आपण म्हणतो जंत झाले, नजर लागली, बाहेरचं काही असेल. बंधूंनो, आपण अंगारे-धुपारे सोडले, पण अंदाज बांधायचं सोडलं नाही. असं पोर दिसलं की त्याच दिवशी साखर तपासून घ्या.

आता खुणा एकत्र सांगतो. माता-भगिनींनी खास लक्ष द्यावं, कारण घरात आधी दिसतं ते त्यांनाच. फार तहान आणि फार लघवी. कोरडी जीभ. थांबत नसलेल्या उलट्या किंवा पोटदुखी. तोंडाला फळासारखा वास. खोल, जोराचा श्वास. गुंगी, बरळणं, झिंगल्यासारखं वागणं. मधुमेहाच्या माणसात यातलं काही दिसलं की आधी साखर तपासा. अडीचशेच्या वर असून उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर सकाळची वाट पाहू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या. गुंगी किंवा तसला श्वास असेल, तर आकडा कितीही येवो, न्यायचंच. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. सुई घेणाऱ्यांच्या घरी त्या असाव्यात. आणि एक नवी गोष्ट. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं अशा काही गोळ्या हल्ली दिल्या जातात. चांगल्या गोळ्या आहेत, पण त्या घेणाऱ्याला साखर फार न वाढताही हा कीटोनचा त्रास होऊ शकतो. उलट्या होत असतील तर या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, ते डॉक्टरांना लगेच विचारा.

कुणी विचारील, साखर कमी झाल्यावरही माणूस बरळतो, मग ओळखायचं कसं? साखर उतरते ती एकाएकी, मिनिटांत. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते. साखर चढते ती तासा-दिवसांनी, आणि अंग कोरडं पडतं. खरा निवाडा यंत्रच करतं. सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखर द्या. यंत्र नसेल, काहीच कळत नसेल आणि गिळता येत असेल, तरीही थोडी साखर द्या, कारण उतरलेली साखर वेळ देत नाही; आणि लगेच दवाखाना गाठा. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.

साखर चढलेली आहे हे कळलं, तर ग्लुकोज, सरबत, थंड पेय नको. शुद्धीवर असेल तर साधं पाणी घोट-घोट द्या. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया यांनी ही वेळ टळत नाही. घरीच दुप्पट सुई टोचायची, हेही नको. दवाखान्यात सलाइन लावतात, शिरेतून मोजून इन्सुलिन देतात, रक्तातलं पोटॅशियम वारंवार बघतात. ते बिघडलं तर हृदय थांबू शकतं. हे काम घरी होत नाही.

इन्सुलिन उन्हानं खराब होतं आणि खराब इन्सुलिननंही साखर चढते. फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून, डबा गार पाण्याच्या माठात तरंगत ठेवा. खिडकीत, टीव्हीवर, चुलीजवळ ठेवू नका.

मित्रहो, १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोत इन्सुलिन सापडलं. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी असल्या पोरांचं मरण ठरलेलं असे. शोध लावणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं, औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. ज्यांनी ते दिलं त्यांनी आपलं काम केलं. घरात बाटली असून माणूस दगावला, तर तो आपल्या अज्ञानानं दगावला असं समजा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. या रोगाची लाज धरायची नाही, आणि तो लपवायचाही नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती. विहाराच्या कपाटात साखर तपासायचं एक चालू यंत्र आणि मुदतीतल्या पट्ट्या कायम असाव्यात; किल्ली कुणाकडे आहे ते फळ्यावर लिहावं. वस्तीत सुई कोण घेतं, त्यांच्या संमतीनं यादी करावी. यंत्राचा पहिला खर्च मी देतो.

माझा सोबती गेला, त्याच्या बायकोची मी पुढे माफी मागितली. ती म्हणाली, "भावजी, तुम्हालाही माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं." खरं आहे. पण आज इथे बसलेल्या कुणालाही, उद्यापासून, तसं म्हणता येणार नाही.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!