संगणक सुरू होत नाही तेव्हा…
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातील व्याख्यान म्हटले की इतिहास, संतसाहित्य किंवा आरोग्य हे विषय आपल्या ओळखीचे. मी पदविकाधारक अभियंता, वीस-बावीस वर्षे विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये काढलेला. मला बोलता येईल ते यंत्राबद्दलच. तेव्हा आज एका साध्या प्रश्नावर बोलतो. स्वतः बांधलेली लिनक्स प्रणाली असलेला संगणक सुरूच झाला नाही, तर काय करावे? आणि त्याहून महत्त्वाचे, काय करू नये?

ज्यांना लिनक्स नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने एक कर्नल, म्हणजे संगणक-प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आमच्या विद्यार्थिदशेत पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळे. एकाने अंक विकत घ्यायचा आणि वसतिगृहातल्या सगळ्यांनी सीडी फिरवायची, असा तो काळ. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हाच गाभा आहे.

लिनक्स दोन तऱ्हांनी घेता येते. एक तयार, दुकानातल्या शर्टासारखे, बहुतेकांच्या अंगाला बसणारे. दुसरे शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेले. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तक नेमके हेच शिकवते : मूळ सामग्री आणा आणि एकेक भाग स्वतः बांधत पूर्ण प्रणाली उभी करा. त्यात आपल्या यंत्राला लागतील तेवढेच ड्रायव्हर ठेवता येतात. प्रणाली हलकी होते आणि जुन्या संगणकालाही पेलते. मात्र मापाच्या कपड्याची अडचण आपण जाणतोच. माप बदलले की तो बसत नाही.

आता सुरू होणे म्हणजे काय, ते पाहू. आपण बटण दाबतो आणि पडदा उजळतो, म्हणून ते एकच काम वाटते. प्रत्यक्षात ती पाच स्थानके आहेत. जुने सहकारी जाणतात की एकेरी मार्गावर चालकाच्या हाती टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या खंडात जात नसे. येथेही तसेच आहे. पहिले स्थानक म्हणजे मदरबोर्डवरचा बायोस किंवा यूईएफआय. तो यंत्र तपासतो आणि कोणत्या डिस्कवरून निघायचे ते ठरवतो. दुसरे स्थानक बूटलोडर. लिनक्समध्ये बहुधा ग्रब. तो कर्नल शोधून मेमरीत आणतो. तिसरे स्थानक स्वतः कर्नल. तो जागा होऊन यंत्राचे भाग ओळखतो. चौथे, कर्नलने मूळ डिस्क जोडणे, ज्याला रूट माउंट करणे म्हणतात. पाचवे, त्या डिस्कवरील इनिट हा पहिला प्रोग्राम चालू होणे. पुढचे सारे तो उभे करतो.

गाडी अडली, तर ती या पाचांपैकी कोठेतरी अडलेली असते. आणि कोठे अडली, हे पडदा सांगतो.

‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर गाडी पहिल्याच स्थानकावर आहे. केबल पाहा, बायोसमधला क्रम पाहा, जुन्या पद्धतीची मांडणी आणि यूईएफआय यांची गल्लत झाली नाही ना ते पाहा. ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून आले, तर ग्रबचा सुरुवातीचा तुकडा चालला, पण त्याला त्याच्या बाकीच्या फायली सापडल्या नाहीत. कर्नलच्या ओळी सरसर धावल्या आणि ‘कर्नल पॅनिक’ असे येऊन सगळे थांबले, तर पहिली दोन स्थानके सुखरूप पार पडली आहेत. आणि ‘नो इनिट फाउंड’ आले, तर मूळ डिस्कसुद्धा जोडली गेली आहे. फक्त तिच्यावरचा पहिला प्रोग्राम सापडत नाही किंवा चालत नाही.

‘पॅनिक’ या शब्दाने लोक घाबरतात. मला त्यात आपला सिग्नल दिसतो. सिग्नल बिघडला तर तो लाल व्हावा, अशीच त्याची रचना असते. कर्नलही पुढे जाणे धोक्याचे आहे असे दिसले की तेथेच थांबतो. थांबणे म्हणजे सर्वनाश नव्हे.

आमच्या शेडमधील उदाहरण देतो. वॅग-७ किंवा वॅप-४ जातीच्या इंजिनात डीजे, म्हणजे मुख्य सर्किट ब्रेकर, लागत नसेल, तर लोको पायलट ट्रबल शूटिंग डायरेक्टरी उघडतो. ते पुस्तक ‘इंजिन बदला’ येथून सुरू होत नाही. ते विचारते, कोणता दिवा लागला, कोणता विझला, आणि कधी? त्या उत्तरावरून पुढचे पान ठरते. भर उन्हात, मागे मालगाडी आणि कानाला कंट्रोलचा फोन असतानाही हीच शिस्त कामी येते. संगणकापुढे बसल्यावर तर आपल्यामागे कोणतीच गाडी खोळंबलेली नसते.

याचे आपल्या घरचेच उदाहरण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आपल्या वाचनालयातील जुन्या संगणकात कॉलनीतल्या, पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका मुलाने वर सांगितलेल्या पुस्तकावरून प्रणाली बांधून दिली होती. एक जीबी मेमरीच्या त्या यंत्रात ती छान चालत होती. आपले एक ज्येष्ठ सभासद रोज दुपारी तेथे बसून सभासदांच्या जुन्या हस्तलिखित वह्या मराठीत टंकत होते. कोणते कुटुंब कोणत्या साली, कोठून झाशीला आले, कोण कोणत्या खात्यात होते, अशी ती माहिती. त्यातल्या काही वह्यांची पाने आता हात लावताच तुटतात. मदरबोर्ड गेला, म्हणून दुसरा जुना मदरबोर्ड आणून त्याच डिस्कला जोडला. बटण दाबले आणि कर्नल पॅनिक.

बाजारात दाखवल्यावर सल्ला मिळाला, ‘डिस्क गेली, फॉरमॅट करून नवीन टाकून देतो.’ ज्येष्ठांचा चेहरा उतरला. अलीकडच्या अनेक महिन्यांच्या टंकनाची दुसरी प्रत कोठेच नव्हती. तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, एकदा बघता का?”

आम्ही प्रथम काहीच दुरुस्त केले नाही. पेन ड्राइव्हवरचे तयार लिनक्स लावून त्यावरून यंत्र सुरू केले, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि सगळा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. सर्व फायली जागच्या जागी होत्या. अर्धी लढाई तेथेच संपली आणि डिस्क गेलेली नाही, हेही सिद्ध झाले.

मग पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. त्यात ‘अननोन-ब्लॉक’ आणि कंसात ०,० असे होते. हे दोन आकडे फार बोलके असतात. शून्य-शून्य म्हणजे ज्या डिस्कवर जायचे ती कर्नलला ओळखताच आली नाही. तेथे ८,१ असते, तर अर्थ वेगळा : पहिल्या डिस्कचा पहिला भाग दिसला, पण त्यावरची फाइल-पद्धती वाचता आली नाही. त्या ओळीच्या वरती कर्नल त्याला दिसलेल्या डिस्कविभागांची यादी देतो. ती यादी रिकामी होती. यादीत डिस्क असती, तर ग्रबला दिलेले नाव चुकले काय, ते पाहिले असते. रिकामी यादी म्हणजे डिस्कपर्यंत नेणारा ड्रायव्हरच नाही.

पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सला मात्र तीच डिस्क दिसत होती. तेव्हा त्यालाच विचारले. ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा दिली की कोणत्या भागासाठी कोणता ड्रायव्हर चालू आहे ते समजते. उत्तर आले, एएचसीआय. मापाने बांधलेल्या कर्नलमध्ये होता एटीए-पीआयआयएक्स, कारण जुन्या मदरबोर्डला तोच लागत होता. बांधणाऱ्याचे काम चोख होते, डिस्क धडधाकट होती. माप बदलले होते, इतकेच.

नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये डिस्कची पद्धत आयडीई अशी बदलता येत होती. तेवढा एकच बदल केला आणि यंत्र सुरू झाले. मग त्या मुलाने एएचसीआय ड्रायव्हर घालून दुसरा कर्नल बांधला, पहिला कर्नल ग्रबच्या यादीत तसाच ठेवला, आणि बायोस पुन्हा एएचसीआयवर नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी टंकन पुन्हा सुरू झाले.

हीच रीत फार मोठ्या कामातही पाळली जाते. नासाचे इन्जेन्युइटी हे मंगळावरचे छोटे हेलिकॉप्टर लिनक्सवर चालत होते. आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी बॉब बलराम त्याचे मुख्य अभियंता होते. ९ एप्रिल २०२१ रोजी पाती वेगाने फिरवण्याची चाचणी मध्येच थांबली, कारण उड्डाणाच्या स्थितीत जाताना ‘वॉचडॉग’ या राखणदार घड्याळाची मुदत संपली. यंत्र सुरक्षित राहिले. पथकाने उड्डाणाची पूर्ण प्रणाली नव्याने घालण्याचीही तयारी केली होती, पण आधी पृथ्वीवरून पाठवायच्या आज्ञांच्या क्रमात थोडी भर घातली. हा उपाय सुमारे ८५ टक्के वेळा चालेल, असा त्यांचा अंदाज होता. १९ एप्रिलला पहिले उड्डाण झाले. २९ एप्रिलला अडचण पुन्हा आली, आणि ३० एप्रिलला ते पुन्हा उडाले. जानेवारी २०२४ मध्ये काम थांबले तोपर्यंत त्याची ७२ उड्डाणे झाली होती. लहान, परतवता येण्याजोगा बदल आधी आणि मोठी शस्त्रक्रिया नंतर, हा क्रम तेथेही होता.

तरुण मित्रांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पडदा पुसला जाण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. दुरुस्तीआधी मजकूर सुरक्षित करा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन बदल एकदम केले, तर कशाने काम झाले हे कळत नाही. नवा कर्नल चालल्याची खात्री होईपर्यंत जुना पुसू नका. आणि कर्नल बांधताना केलेल्या निवडींची ‘कॉन्फिग’ फाइल जपून ठेवा. शेडमध्ये प्रत्येक इंजिनाची नोंदवही असते, तशीच ही.

भाषेचा अडसर मानू नका. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात, तेही विनामूल्य. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींचे ‘लोहित’ हे देवनागरी टंक तर लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांखालून गेले आहेत.

ज्येष्ठांना एवढीच विनंती. आपल्या घरच्या संगणकात नातवंडांचे फोटो असतील, पेन्शनची कागदपत्रे असतील, कुणाच्या आठवणी लिहिलेल्या असतील. तो सुरू झाला नाही आणि कुणी लगेच ‘फॉरमॅट’ म्हणाले, तर त्यांना सांगा, “जरा थांबा, आधी आतले काढून द्या.” सुरू न होणे वेगळे आणि नष्ट होणे वेगळे. २००३ साली झाशी मंडल मध्य रेल्वेतून उत्तर मध्य रेल्वेत गेले, तेव्हापासून महाराष्ट्रातून बदलून येणारी कुटुंबे कमी झाली. आपण येथे कसे आलो हे सांगणारी ती वह्यांची पाने आपल्याला पुन्हा कुणी लिहून देणार नाही. मंडळाने दर महिन्याला त्या मजकुराच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. पहिली प्रत माझ्याकडे ठेवायला मी तयार आहे. दुसऱ्या प्रतीसाठी कुणीतरी आजच नाव द्यावे.

 गणपती बाप्पा मोरया!