हक्क आणि उपकार

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात असा एक इंग्रजी शब्द होता की, त्याचा अर्थ ‘सर्व माणसे’ असाही होई आणि ‘सर्व पुरुष’ असाही होई. भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी त्यास हरकत घेतली. आणि अखेर, ज्यात स्त्रियाही निःसंशय आल्या, असा शब्द त्या जागी घालण्यात आला. कायद्याच्या भाषेत एका शब्दाने केवढा फरक पडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु श्रोतेहो, त्या जाहीरनाम्याची तीस कलमे आपल्या गल्लीपर्यंत, आपल्या पाणवठ्यापर्यंत, आपल्या ओसरीपर्यंत कशी पोहोचतात, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर ग्रंथांतून फारसे मिळत नाही. ते मिळते ज्यांनी वर्षानुवर्षे वस्तीत, बाजारात आणि तालुक्याच्या कचेरीत माणसांबरोबर हेलपाटे घातले, अशा कार्यकर्त्यांपाशी. अशा काहींशी बोलण्याचा मला योग आला. नवलाची गोष्ट ही की, ‘मानवी हक्क’ हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच आला. त्यांच्या बोलण्यात येत होते पोते, नळ, दाखला, हजेरी, अंगठा आणि सही.

हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “हक्क म्हणजे काय, हे तुम्ही नव्या माणसाला कसे समजावता?” ते म्हणाले, “पाठीवरच्या पोत्याचं वजन किती, हे विचारायची मुभा म्हणजे हक्क. आमच्या उमेदीत शंभर शंभर किलोची पोती असत. वजन विचारणारा हमाल दुसऱ्या दिवशी कामावर नसे.” मग त्यांनी १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याची हकीकत सांगितली. या कायद्याने मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक पट्टी मंडळाकडे भरावयाची व मंडळाने ती हमालास द्यावयाची, भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी त्या पट्टीतून करावयाच्या, अशी ही व्यवस्था. “मजुरी वाढली हे खरंच,” ते म्हणाले, “पण मोठी गोष्ट दुसरीच. पूर्वी संध्याकाळी शेठजींच्या गादीपुढे हात पसरून उभं राहावं लागे. आता पैसे मंडळातून येतात. हात पसरायचं थांबलं.”

या एका वाक्यात सारा विषय आला, असे मला वाटते. रुपया तोच असतो. पण उपकार म्हणून मिळालेला रुपया माणसाला वाकवितो आणि हक्क म्हणून मिळालेला रुपया त्याला ताठ उभे करतो. आपल्या बोलण्याकडेच पाहा ना! उत्पन्नाचा दाखला हाती पडला की आपण ‘साहेबांची कृपा झाली’ असे म्हणतो. वास्तविक दाखला देणे हे साहेबांचे काम असते आणि त्यासाठी त्यांना पगार मिळत असतो. संस्थाने गेली, प्रजासत्ताक आले; आपल्या जिभेवर मात्र अद्याप दरबारच बसलेला आहे.

पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. पुढे या कामकरी स्त्रियांना महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली आणि २००८ साली त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करारही केला. या क्षेत्रात काम करणाऱ्या एका बाईंशी बोलताना मी म्हणालो, “ओळखपत्राने पोट तर भरत नाही.” त्या हसल्या. “नाही भरत. पण गल्लीत कुणाची काही वस्तू हरवली, की आधी आमच्या पोत्यात हात घालायचे. कार्ड दाखवता यायला लागलं, तेव्हा लोक नाव विचारायला लागले. त्याआधी आम्हाला नावं होती, पण ती विचारत कोण होतं?”

आता कोणी म्हणेल, चांगले कायदे झाले की हे सारे आपोआप होईल. इतिहास तसे सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा श्री. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. म्हणजे कागदावर हक्क मिळाला. पण त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तेथे चालत जावे लागले. त्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. आणि कोर्टातील दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडले. ठराव आणि निर्विवाद ओंजळ यांच्यामध्ये चौदा वर्षे गेली. कार्यकर्त्याचे काम असते ते या मधल्या अंतरात.

हे अंतर कमी करण्याचे एक साधन राजस्थानातील खेड्यांनी देशाला दिले. मजदूर किसान शक्ती संगठन ही संस्था १९९० साली तेथे उभी राहिली. दुष्काळी कामावरच्या मजुरांना ठरलेली मजुरी पुरी मिळेना. विचारले तर ‘हजेरीपटात काम कमी भरले आहे’ असे उत्तर मिळे आणि हजेरीपट मात्र कोणी दाखवीत नसे. तेव्हा १९९४ च्या अखेरीपासून जनसुनावण्या सुरू झाल्या. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचला जाई आणि ज्यांनी कधी कुदळ उचलली नव्हती अशांची, एवढेच नव्हे तर मृतांचीही नावे त्यात निघत. याच धडपडीतून आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांतील चळवळींतून पुढे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. साध्या अर्जाला सामान्यतः तीस दिवसांच्या आत उत्तर देण्याचे बंधन त्याने कचेऱ्यांवर घातले.

तथापि, कार्यकर्त्यांचेही या बाबतीत एकमत नाही, हे मला सांगितले पाहिजे. लोकांचे अर्ज लिहून देण्यात ज्यांची वीस वर्षे गेली, असे एक शिक्षक म्हणाले, “कायदा ठाऊक असलेला एक माणूस गावात असला की पुरे.” त्यांच्याच तालुक्यातील एका तरुण कार्यकर्त्याला हे मान्य नव्हते. तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्या दारात रांग लागते, ती पाहून मला भीती वाटते. लोक तहसीलदारांना नमस्कार घालायचे, आता तुम्हाला घालतात. उपकार करणारा बदलला, बाकी काय बदललं?” तो स्वतः आता अर्ज लिहून देत नाही. ज्या बाईचे रेशनकार्ड झाले, तिलाच तो पुढच्या बाईबरोबर कचेरीत पाठवितो. काम हळू होते, कधी बिघडतेही. गुरुजींचा आक्षेप नेमका तोच आहे. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याने दुसऱ्याच्या शिक्षणासाठी किती दिवस थांबावे? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते आणि त्यांचा वाद मिटलाही नाही. पण कार्यकर्ता आपल्यावाचून लोकांचे अडू नये यासाठी झटतो की अडावे यासाठी, ही कसोटी मात्र गुरुजींनाही मान्य झाली.

या कसोटीला उतरलेले गाव म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा लेखा या गोंड वस्तीचे नाव घ्यावे लागते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तेथील घोषणा सर्वश्रुत आहे. घोषणेपेक्षा त्यामागची रीत मोलाची आहे. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. आणि निर्णयापूर्वी अभ्यास गटात विषयाची चर्चा होते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली या गावाला मिळाला. तरीही आपलाच बांबू विकावयाचा, तर वाहतुकीचा परवाना मिळेना. तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला २०११ साली. येथेही कागद आणि ओंजळ यांच्यात अंतर होतेच. पण ते कापणारा कोणी एक पुढारी नव्हता, अख्खे गाव होते.

आतापर्यंत सरकार, व्यापारी आणि जंगलखाते यांच्याविषयी बोललो. पण घरातल्या हक्कांचे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. खेड्यांत स्त्रियांचे मेळावे घेणाऱ्या एका बाईंपुढे मी या ठरावाची प्रशंसा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ठराव चांगलाच आहे. पण तो मोडला तर अर्ज कुणाकडे करायचा? सासूबाईंकडे? गावात हळदीकुंकवाला पहिल्या विधवेला कोण बोलावते, आणि तिला बोलावल्यावर बाकीच्या उठून जातात की बसून राहतात, यावर त्या ठरावाचं आयुष्य ठरतं.”

हे ऐकल्यावर माझ्या मनात जो विचार आला, तो आपणापुढे ठेवतो. आपण सारे स्वतःला नागरिक समजतो आणि हक्क मागणाऱ्यांच्या बाजूला उभे करतो. पण आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने सरकार कोण? आपणच. तिला आठवड्याची सुट्टी द्यावयाची की नाही, ती आजारी पडली तर पगार कापावयाचा की नाही, तिच्या चहाचा कप कोणत्या फळीवर ठेवावयाचा, हे सारे आपल्या मर्जीवर चालते. दिवाळीला आपण तिला साडी देतो व स्वतःस उदार मानतो. पण वर्षाकाठी पगारवाढ किती, हे ती विचारू लागली की ‘हल्ली ही फार बोलायला लागली आहे’ असे म्हणतो. त्या शेठजींची गादी आपल्या दिवाणखान्यातही अंथरलेली असते.

तेव्हा मानवी हक्कांसाठी आपण काय करावे, असे कोणी विचारले तर पॅरिसचा जाहीरनामा वाचावा, संविधान वाचावे, हे तर सांगेनच. पण त्याआधी, आपल्याकडे राबणाऱ्या माणसाला कामाचे तास किती, सुट्टी कोणती आणि वाढ केव्हा, हे स्वतःहून आणि स्पष्टपणे सांगावे; आणि एकदा सांगितले की ते त्याचे झाले, आपल्या मर्जीचे राहिले नाही, असे समजावे. साडी द्यायची तर खुशाल द्यावी. मात्र ती पगारवाढीच्या बदल्यात नसावी.