दासगाव ते बाणकोट : दोन दिवसांची रजा



युनियनच्या माणसाने व्याख्यानाला उभे राहावे आणि विषय सांगावा होडीतल्या सहलीचा, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. एका स्नेह्यांनी तर आम्हांला विचारलेच, "भाऊ, बोनस सोडून तुम्ही हवा खायला कधीपासून लागलात?" परंतु रजा हा आमच्या धंद्यातलाच विषय आहे, आणि होडीत बसल्यावाचून तो आम्हांला नीट सांगता येत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण सावित्रीच्या खाडीतून दासगावहून बाणकोटास गेलो व दुसऱ्या दिवशी परत आलो. तिघे कारखान्यातले, एक प्राथमिक शिक्षक आणि एक एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. उन्हाळ्यात महाडजवळ पात्रात पाणी थोडे, खडक फार, म्हणून दासगावचा धक्का धरला. दिवस वद्य अष्टमीचा निवडला. आपल्या किनाऱ्याचा हिशेब असा की, पुनवेला-अवसेला मुखाशी भरती भर दुपारी येते आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दासगावी सकाळी न्याहारी उरकावी तो ओहोटी लागते. अष्टमीचे पाणी भांगाचे, सुस्त. घाई असणाऱ्याने उधाणाची तिथी पाहावी. आम्हांला घाई नव्हती.

होडीवाले चाचा म्हाप्रळकडचे. सत्तरी उलटलेली, पण सुकाणूवरचा हात स्थिर. यंत्र त्यांनी मंद ठेवले होते आणि मधूनमधून तेही बंद करून होडी नुसती पाण्यावर सोडीत. तसे झाले की एकदम शांतता होई. काठाला तिवरांची दाटी, चिखलावर निवट्यांच्या उड्या, डोक्यावर एखादी बामणी घार. आमच्यातला एक गडी बॉयलरवर काम करतो. बावीस वर्षे त्याच्या कानाला यंत्राचा आवाज आहे. तो पहिला तासभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "इतकं गप्प असतंय होय?"

या दासगावच्या धक्क्याचे मोल महाडकरांना सांगण्याची गरज नाही, तरी तरुणांसाठी सांगतो. चवदार तळ्याच्या पाण्याला २० मार्च १९२७ रोजी हात लागला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेस दुपारी दासगावला उतरले. धरमतरची वाट जवळची असता दासगाव का? तर मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकून गाडीत घेतले नाही, तर दासगावहून पाच मैल चालत महाड गाठता येते! आमच्यासारख्या मोर्चे काढणाऱ्या माणसाला या हिशेबाचे फार कौतुक वाटते. समोरचा कोठे अडवील हे आधी ओळखून पायांची तजवीज करून ठेवणे, ही संघटनेची पहिली इयत्ता आहे. आमच्या कंडक्टरसाहेबांनी त्या धक्क्यावर चपला काढल्या. ते दरवेळी काढतात.

आणि रजेचा धागाही येथूनच जातो. तेच डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत होते, आणि १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजेचे कलम आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्याआधी गिरणी कामगाराला साधा रविवार मिळवायलासुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १८८४ मध्ये मागणी झाली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरवली. २०२० च्या संहितेने २४० चे १८० केले. कागदावर हे सारे ठीक आहे. पण आमच्या होडीतला तिसरा गडी ठेकेदाराकडचा. त्याचा ठेकेदार कागदोपत्री दर काही महिन्यांनी बदलतो, माणूस तोच, झाडू तोच, हजेरी मात्र पुन्हा एकपासून! त्याचे दिवस भरतील कसे? हे दोन दिवस त्याने बिनपगारी घेतले होते. होडीचे भाडे वाटून घेताना त्याचा वाटा आम्ही घेतला नाही, तर तो रागावला. मग घेतला.

फ्रान्स देशात कालव्यांतून अशाच होड्या फिरतात. सुटीतली माणसे आठ-आठ दिवस होडीतच राहतात, रांधतात, झोपतात. त्यांतला प्रसिद्ध तो 'कनाल दु मिदी', सुमारे २४० किलोमीटर लांबीचा. १६६६ साली काम सुरू होऊन १६८१ साली तो खुला झाला. बांधणारा पिएर-पॉल रिके त्याच्या आदल्या वर्षीच वारला. पुस्तकांत त्याच्या दरवाजांचे, पाणी चढवण्या-उतरवण्याच्या युक्तीचे वर्णन फार असते. आम्हांला त्यात दुसरीच गोष्ट सापडली. ऐन भरात बारा हजारांच्या आसपास मजूर कामावर होते, आणि रिके त्यांना पावसाने काम बुडाले तरी, रविवारी, सणाला, आजारपणातही मजुरी देत असे. साडेतीनशे वर्षांपूर्वी! धर्म म्हणून नव्हे, मजूर टिकावेत म्हणून. तरी दिली हे खरे. त्या कालव्यातून माल जाई. आता मालवाहतूक गेली आणि सहलीच्या होड्या उरल्या. त्या देशात सामान्य कामगार सुटीवर जाऊ लागला तो १९३६ च्या मे-जूनमधील मोठ्या संपानंतर. सुमारे वीस लाख कामगार काम थांबवून बसले आणि त्या जूनमध्ये कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पुष्कळांनी समुद्र प्रथमच पाहिला तो त्या उन्हाळ्यात.

असो. आंबेत-म्हाप्रळचा पूल ओलांडला की खाडी रुंदावते आणि वारा खारा होतो. तेथे चाचांनी आमच्यापुढे प्रश्न टाकला. "तुम्ही कारखान्यावाले ना? तुमच्या युनियनीत पाण्याचं कोण बघतो?"

आमच्यात कोणी एकदम उत्तर दिले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा पट्टा आहे. हे पाणी पोलादपुरापाशी येते तेव्हा महाबळेश्वराच्या डोंगराचे, गोट्यांवरून खळाळणारे असते. महाडच्या डोहांत मगरी उन्हाला पडलेल्या आपण सारे पाहतो. त्याच्या खाली भोयांची जाळी लागतात. आमचा पगार ज्या भट्ट्यांवर निघतो त्यांचेच सांडपाणी शेवटी या खाडीकडे येते. कारखाना बंद पाडा, असे चाचा म्हणत नव्हते. त्यांचा नातू एका कारखान्यातच आहे. ते एवढेच म्हणाले, "बोय पूर्वी वरपर्यंत चढायची. आता जाळं टाकायला खाली यावं लागतं, तेल जळतं." तेल जळते, म्हणजे भोयाची मजुरी कापली जाते. ती कोण कापतो हे हजेरीपटावर दिसत नाही. मालक हवेवर बोट दाखवतो, कामगार मालकावर. आमच्या बॉयलरवाल्याने मात्र सरळ सांगितले, "चाचा, रात्रपाळीला काय सुटतं ते आम्हांला ठाऊक असतं. बोललो तर बाहेर." यावरून होडीत दोन तास वाद झाला. शेवटी असे ठरले की, पुढच्या मागणीपत्रात पगार, रजा यांच्याबरोबर एक कलम घालायचे : सांडपाण्याविषयी खरे सांगणाऱ्या कामगारावर कारवाई होणार नाही. ते आम्ही घातले आहे. अद्याप मान्य झालेले नाही. आमच्यातही काहींना ते नको आहे. बोनसच्या बोलणीत अडसर होईल, असे त्यांना वाटते. त्यांची भीती खोटी नाही. मुलांची फी भरायची असते.

बाणकोटाला दुपार झाली. किल्ल्यावर चढलो. इंग्रजांनी याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. वरून मुख दिसते, पलीकडे बागमांडला, मोटारी वाहणारी फेरीबोट, आणि मग उघडा समुद्र. महाबळेश्वरी ज्याच्या नावाचा ऑर्थर सीट आहे त्या मॅलेटसाहेबाची बायको व मुलगी याच खाडीत बुडाली, असे सांगतात. गुरुजींनी ती कथा रंगवून सांगितली. चाचांनी ऐकून घेतले आणि २ ऑगस्ट १९२८ सालच्या नव्हे, २०१६ सालच्या रात्रीची आठवण काढली. १९२८ साली बांधलेला महाडचा दगडी पूल त्या रात्री पुरात गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या. खाडीकाठच्या लोकांनी होड्या घालून दिवसेंदिवस शोध घेतला. कंडक्टरसाहेब उठून तटाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. गाडीवरची माणसे त्यांच्या खात्याची होती. आम्ही त्यांच्यामागे गेलो नाही.

मुक्काम गावातच, एका ओसरीवर. जेवणाला चिंबोऱ्यांचा रस्सा नि तांदळाची भाकरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी सरली, भरती लागली, आणि मागून पश्चिमेचा वारा. चाचांनी बराच वेळ यंत्र लावलेच नाही. ठेकेदाराकडचा गडी फळीवर आडवा झाला तो थेट आंबेतच्या पुलाखाली जागा झाला. दासगावला दिवेलागणीला उतरलो.

येथे बसलेल्यांपैकी कोणास जायचे असेल तर पावसाळ्यापूर्वीची अष्टमी धरा, पाच-सहा जण मिळून होडी ठरवा, पिण्याचे पाणी घरून न्या. आणि चाचा तोच प्रश्न तुम्हांलाही विचारतील; ते प्रत्येकाला विचारतात.