पहिले अक्षर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर ‘स्वनिर्मित बोर्ड आणि यू-बूट’ असा विषय छापलेला वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, यावरून बाहेर उकाडा फार आणि इथले पंखे बरे, एवढेच अनुमान मी काढतो. (हशा.)

पूर्वेतिहास आपण जाणताच. वोल्फगांग डेंक यांनी वाढविलेल्या पीपीसीबूटमध्ये एआरएमबूट विलीन होऊन 2002 साली यू-बूट हे नाव रुजू झाले. चिपमधील रॉम एसपीएल नावाचा छोटा भाग अंतर्गत रॅममध्ये आणते, तो बाहेरची डीडीआर रॅम चालू करून मुख्य यू-बूटला तीत बसवितो आणि यू-बूट लिनक्सच्या हाती कारभार सोपवून निवृत्त होते. हे हल्ली महाविद्यालयातली पोरेही सांगतात, तेव्हा पुढे जाऊ.

माझे मत, आणि त्यावरून माझा उपहास होतो हे मला ठाऊक आहे, असे की सिरीयल कन्सोलच्या तीन पिना, म्हणजे टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड, ज्यावर नाहीत ते बोर्ड बनवूच नये.

परिचयाच्या एका कारखान्यात एएम335एक्स चिपचे बोर्ड तयार झाले. पडदा काळाच, जो तो एसपीएलमधील रॅमचे आकडे बदलून पाहू लागला. सुदैवाने एका हट्टी तंत्रज्ञाने त्या पिना राखल्या होत्या. कार्डावर वा फ्लॅशमध्ये काही सापडले नाही आणि बूटक्रमात सिरीयल असले, तर या चिपची रॉम 115200 च्या वेगाने ‘सी’ हे रोमन अक्षर पुनःपुन्हा पाठवीत राहते. एक्समोडेमने काहीतरी धाडा, असा त्याचा अर्थ. म्हणून त्याने कार्ड काढले. ‘सी’ आले नाही, परंतु एक विद्रूप चिन्ह आले, ठराविक अंतराने, दर खेपेस तेच. नुसता गोंगाट असता तर चिन्हे बदलती. तेच चिन्ह येते त्याअर्थी पाठविणारा शुद्धीवर आहे, घड्याळ तेवढे चुकले आहे, हे त्याने ताडले. क्रिस्टल 24 मेगाहर्ट्झचा होता. मात्र तो कितीचा, हे रॉम रीसेट सुटताना सिसबूट पिनांवरून वाचते, त्याच पिना पुढे एलसीडीच्या डेटा-लाइन होतात, आणि पडद्यातील एका पुल-अप रेझिस्टरने पंधरा क्रमांकाची लाइन वर धरल्यामुळे रॉमने 26 वाचले होते. टर्मिनलचा वेग सुमारे 106300 वर आणताच ‘सी’ची रांग लागली! (टाळ्या.) लाइनचा बंदोबस्त झाल्यावर एसपीएलचे संदेश सुवाच्य आले, आणि मग रॅमचे आकडे अंदाजाने नव्हे, वाचून दुरुस्त झाले.

पुढल्या रांगेतले गृहस्थ मान हलवीत आहेत, खरेदीखात्यातले असावेत. (हशा.) कन्सोल म्हणजे चोराला उघडे दार, हा त्यांचा आक्षेप मी अमान्य करीत नाही. त्यासाठी विकावयाच्या मालात ऑटोबूटचा विलंब उणे दोन ठेवावा, म्हणजे कळ दाबून यू-बूटला मध्येच थांबविता येत नाही. दार लावता येत असताना ते भिंतीत ठेवूच नये, हा कुठला न्याय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. डिव्हाइस ट्री हा खरे तर आजचा मुख्य भाग होता (हशा). त्याची तजवीज संयोजकांनी पुढील वर्षी करावी. ज्यांची बोर्डे या महिन्यात छपाईस जावयाची आहेत त्यांना एवढीच विनंती, की पिना बसविण्यास पैसे नसतील तर बसवू नका, परंतु तांब्यातले तीन पॅड आराखड्यातून पुसू नका. त्यांना वेगळा खर्च पडत नाही.